वस्तू आणि परवाना : भांडुपच्या खोलीतून घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास

धागा. जरा लांबला आहे. चहा घेऊन बसावे.

गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "ताई, पंचवीस हजारांत घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचं तर काय घेऊ? नवीन घेऊ की जुनं?" प्रश्न साधा होता. पण मी पडले इतिहासाची विद्यार्थिनी, त्यामुळे उत्तराला १९०२ पासून सुरुवात झाली आणि तो बिचारा मध्येच क्लासची वेळ झाली म्हणून उठून गेला. ते अर्धवट राहिलेले उत्तर येथे पूर्ण करते.

माझे मत आधीच सांगून टाकते. घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास आपण नेहमी 'साधने स्वस्त होत गेली आणि सामान्यांच्या हाती आली' अशा एका वाक्यात सांगतो. ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे. घेतलेले साधन दुरुस्त करता येते का, शेजाऱ्याला उसने देता येते का, गरज संपल्यावर विकता येते का, आणि दहा वर्षांनी त्यावर केलेले काम पुन्हा ऐकता येते का? या कसोटीवर पाहिले तर आजची पिढी कॅसेटच्या पिढीपेक्षा सगळ्याच बाबतींत पुढे आहे, असे मला वाटत नाही.

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित करतो. मेणाच्या तबकड्या जर्मनीतल्या हानोव्हरला जातात, तेथे छापल्या जातात आणि विकण्यासाठी बोटीने परत येतात. ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस गौहर जान स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारतात, ते या लांबच्या प्रवासासाठीच. हानोव्हरच्या कारागिराला कोण गायले हे कळायला हवे होते. हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. ज्याकडे लक्ष जात नाही ती गोष्ट वेगळी आहे. एडिसनचे १८७७ चे फोनोग्राफ यंत्र ध्वनी साठवणारेही होते आणि ऐकवणारेही. मेणाच्या नळकांड्यावर घरातला माणूस आपला आवाज घेऊ शकत असे. बाजार जिंकला तो मात्र ग्रामोफोनच्या तबकडीने, कारण एका साच्यावरून तिच्या हजारो प्रती निघत. ग्राहकाच्या घरी आलेले यंत्र आता फक्त वाजत होते. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे भारतातले सामान्य घर श्रोता म्हणून उरले. काय मुद्रित व्हावे, कोणाचे व्हावे आणि किती मिनिटांचे व्हावे, हे कंपनी ठरवू लागली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीनसव्वातीन मिनिटे. त्यात ख्याल बसवायचा.

या व्यवस्थेतून काय निसटले याची दोनच नावे सांगते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. अल्लादिया खाँ १९४६ साली मुंबईत गेले. दोघांचेही गाणे आज ऐकायला मिळत नाही. खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रण नाकारले, आणि तो त्यांचा अधिकार होता. तरीही ज्या शहरात रेडिओ होता, बोलपट होता, कंपन्यांचे एजंट फिरत होते, त्या शहरात शिष्य आणि चाहते असूनही एकाच्याही घरी तालमीतला एक तुकडा टिपणारे यंत्र नसावे, ही बाब मला कोणत्याही नकारापेक्षा अधिक बोलकी वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत पसरली आणि हळूहळू आपल्याकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर आला. यंत्र बहुधा परदेशी, महाग आणि दोन हातांनी उचलावे लागेल इतके जड. ते असायचे डॉक्टरांकडे, इंजिनिअरांकडे, कारखानदारांकडे. कुमार गंधर्व किंवा मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या खाजगी बैठकी आज आपण ऐकतो, त्यांतल्या कितीतरी या हौशी लोकांनी कोपऱ्यात बसून, रीळ संपत आले की धास्तावत, टिपलेल्या आहेत. या मंडळींत एक अलिखित व्यापार चालत असे. पैशांचा नव्हे, देवघेवीचा. तुमच्याकडची अमुक बैठक द्या, माझ्याकडची तमुक घ्या. आपल्या संगीताच्या इतिहासाचा मोठा भाग अशा देवघेवीतून वाचला, हे मान्य करून मी एक कटू गोष्टही नोंदवते : तो स्पूल कोकणातल्या भजनी बुवांकडे किंवा जाखडीच्या शाहिरांकडे कोणी नेला नाही. संग्रह करणाऱ्याची आवड हीच संग्रहाची सीमा ठरली.

ती सीमा मोडली कॅसेटने. फिलिप्सने १९६३ साली आणलेली ही डबी आपल्याकडे १९८० च्या दशकात घरोघरी पोचली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारताच्या संदर्भात तिचा परिणाम मांडला आहे : एका बड्या कंपनीची मक्तेदारी ढासळली आणि प्रादेशिक, जातीय, धार्मिक असे असंख्य आवाज बाजारात आले. महाराष्ट्राला हे चित्र नेमके लागू पडते. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते आणि भीमगीते, आनंद शिंदे यांची त्या दशकात गाजलेली लोकगीते, ही सगळी कॅसेटची दुनिया. पण पुस्तकांत येणारी ही कॅसेट विकत घेतलेली असते. मला सांगायचे आहे ते कोऱ्या कॅसेटबद्दल.

भांडुप हे कारखान्यांचे उपनगर. सिएट, जीकेडब्ल्यू यांसारख्या कारखान्यांच्या आधाराने येथे वस्ती वाढली, आणि त्या वस्तीत सिंधुदुर्ग-रत्नागिरीची माणसे इतकी की एका भागाचे नावच कोकण नगर. ही माणसे येताना भजन घेऊन आली. डबलबारी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दोन बुवा समोरासमोर, दोघांची हार्मोनियम, पखवाज, झांज आणि कोरस वेगवेगळे, आणि सामना तासन्‌तास. एका बुवांनी गजरातून टाकलेल्या कोड्याला दुसऱ्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. यातले बरेचसे काव्य त्या रात्रीपुरते. ते कागदावर नसते. कोणत्याही कंपनीने ते छापले नसते, कारण ते तीन मिनिटांत मावत नाही आणि एलपीच्या बाजूवरही मावत नाही.

माझे आजोबा अशा एका मंडळात गात. मंडळातल्या एकाचा भाऊ आखातात होता. त्याने आणलेला टू-इन-वन हे मंडळाचे पहिले ध्वनिमुद्रण यंत्र. तो हार्मोनियमच्या पुढ्यात स्टुलावर ठेवायचा आणि लाल बटण दाबायचे. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, त्यामुळे कॅसेट उलटण्याची वेळ नेमकी गजर रंगात आल्यावर यायची. आमच्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक कॅसेटमध्ये असा एक तुटका गजर आहे आणि पाठोपाठ "चालू झाला काय रे?" असा कोणाचा तरी आवाज. तो टेपरेकॉर्डर पुढे दुसऱ्या मंडळाला विकला गेला. त्यांनी त्याचा पट्टा बदलला, हेड साफ करून घेतले आणि आणखी कितीतरी वर्षे वापरला. विकताना कोणालाही परवानगी विचारावी लागली नाही.

त्याच सुमारास जगात अन्यत्र काय चालले होते तेही पाहू. टिअ‍ॅक कंपनीने १९७९ साली साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्या घेणारे 'पोर्टास्टुडिओ' आणले. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा 'नेब्रास्का' हा अल्बम अशाच यंत्रावर, न्यू जर्सीतल्या घरी, केवळ कच्चा खर्डा म्हणून मुद्रित केला. नंतर वाद्यवृंदासह पुन्हा प्रयत्न झाले, पण शेवटी तो खर्डाच प्रसिद्ध झाला. आमच्याकडे चार पट्ट्यांचे यंत्र नव्हते, एक स्टूल होते. तरी दोन्हीकडे यंत्र घरच्यांच्या मालकीचे होते.

आता वर्तमान. २००० साली ऑडॅसिटी आली, फुकट आणि मुक्त. २०११ साली फोकसराइटची 'स्कारलेट टू-आय-टू' ही लाल डबी आली आणि दोन माइक संगणकाला जोडणे हे विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम झाले. मुंबईत धोबीतलावच्या जुन्या दुकानांपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत आणि तेथून मोबाइलवरच्या जाहिरातींपर्यंत या वस्तूंचा नवा-जुना बाजार अखंड चालू असतो. ऑक्टोपॅडचेच पाहा. रोलंडचा 'एसपीडी-२०' गेली कितीतरी वर्षे बँजो पार्ट्या आणि ऑर्केस्ट्रा यांच्यात हातोहात फिरतो आहे. मंडळ वर्गणी काढून घेते, हंगाम काढते, आणि मोठे काही घ्यायचे झाले की तोच विकून भर घालते. गरिबाची कला अशा फेरविक्रीवर उभी असते. जुनी वस्तू हे त्याचे भांडवल असते.

सॉफ्टवेअरने नेमके हेच भांडवल काढून घेतले आहे. पैसे मोजून घेतलेला प्रोग्रॅम ही वस्तू नव्हे, परवाना आहे. काही कंपन्या तो दुसऱ्याच्या नावावर करू देतात, काही त्यासाठी शुल्क घेतात, काही मुळीच करू देत नाहीत. महिन्याच्या वर्गणीवर घेतलेला असेल तर विकण्यासारखे काही नसतेच. हप्ता थांबला की प्रोग्रॅम थांबला, आणि त्यातच जतन केलेले काम कुलूपबंद. याची दुसरी बाजू मला मान्य आहे : एकदम मोठी रक्कम उभी करू न शकणाऱ्याला महिन्याचा हप्ता सोयीचा पडतो. पण ती सोय भाड्याच्या खोलीची आहे. चोरून घेतलेल्या प्रतीचे समर्थन मी करत नाही. आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांची सुरुवात तशीच होते हे मात्र दिसते, आणि त्यांना नीतिपाठ देण्याआधी ऑडॅसिटी किंवा दीर्घ मुदतीचा, माफक दराचा परवाना देणारा रीपर यांची नावे सांगणे अधिक उपयोगाचे.

माझाही एक फसलेला सौदा आहे, तो लपवत नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून जुना, आठ माइकांचा, दिसायला भारदस्त इंटरफेस स्वस्तात घेतला. घरी आणल्यावर लक्षात आले की तो फायरवायरने जोडायचा आहे. माझ्या लॅपटॉपला ते छिद्र नव्हते. चालकप्रणालीही कंपनीने कधीच सोडून दिली होती. वस्तू शाबूत, तिची भाषा बोलणारे कोणी उरले नव्हते. तो अजून माळ्यावर आहे. म्हणून जुना माइक अवश्य घ्यावा, जुना हेडफोन स्टँडही घ्यावा, पण जुना इंटरफेस घेताना तो आपल्याच संगणकाला जोडून, आपल्याच आवाजात दोन मिनिटे मुद्रण करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

माइकबद्दलही थोडे. मुले कंडेन्सर माइकच्या मागे असतात, कारण चित्रफितींत तोच दिसतो. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो फार तीक्ष्ण कानाचा असतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो बुवांच्या स्वराबरोबर पंखा, शेजारच्या कुकरची शिटी आणि मध्य रेल्वेची जलद गाडीही इमानाने टिपतो. अशा खोलीत १९६० च्या दशकापासून चालत आलेल्या 'एसएम-५८' सारखा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरणे शहाणपणाचे. त्याच्या नकला मात्र बाजारात सर्रास मिळतात, तेव्हा फार स्वस्त मिळाला तर आनंद आवरावा. उरलेल्या पैशांत आधी घरातल्या प्लगचे अर्थिंग तपासून घ्यावे. निम्मी घरघर तिथली असते. आणि भिंतीला फोम चिकटवण्याऐवजी दोरीवर दोन जाड गोधड्या टाकाव्यात. पूर्ण मंडळाचे भजन टिपायचे असेल तर इंटरफेसच नको. दोन माइकांत पखवाज, झांज आणि कोरस बसवताना बुवा हरवतात. त्यापेक्षा खिशात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर स्टुलावर ठेवावा. आजोबांच्या मंडळाचे स्टूल बरोबरच होते.

आणि जे काही कराल त्याची साधी वेव्ह फाइल काढून ठेवा, कोणत्याही प्रोग्रॅमवर अवलंबून नसलेली. ध्वनिसंग्रहांच्या 'आयासा' या आंतरराष्ट्रीय संघटनेची जुन्या फितींसाठी शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची आहे. घरातही तेच माप धरायला हरकत नाही. फाइलच्या नावात तारीख, गाव, बुवांचे आणि पखवाजवाल्याचे नाव घाला. 'फायनल-नवीन-२' या नावाच्या फाइलपुढे उद्याचा इतिहासकार काय करील, ते मी माझ्या आजच्या दुःखावरून सांगू शकते.

कारण आजोबांच्या खोक्यात ३४ कॅसेट आहेत. नऊंवर काहीच लिहिलेले नाही. मुंबईच्या पावसाने पाचांवर पांढरी बुरशी आली आहे. त्या वाजवण्याआधी साफ कराव्या लागतील, नाहीतर डेकचे हेडही जाईल. डेक मी चोरबाजारातून आणला आहे, पट्टा बदलून घेतला आहे, आणि आतापर्यंत अकरा कॅसेट संगणकावर उतरल्या आहेत. त्यांतल्या एकीत समोरच्या बुवांचा आवाज कोणाचा, हे आमच्या घरात कोणालाच ओळखता येत नाही. आजोबा असते तर पहिल्या आलापात सांगितले असते. तुमच्यापैकी कोणाच्या घरी त्या काळातले डबलबारीचे जाणकार असतील तर कृपया निरोप द्या, तुकडा पाठवते.

पखवाजवाल्या मुलाला रविवारी पुन्हा बोलावले आहे. त्याचे पंचवीस हजार अजून शिल्लक आहेत. येताना घरातली एक जाड गोधडी आण, असे सांगितले आहे.