संगणकाची मंदगति : आधीं निदान, मग खर्च

वैद्यकांत चिकित्सेच्या आधीं निदान सांगितलें आहे. आणि नाडी न पाहतां मात्रा उगाळणाऱ्या वैद्याकडे शहाणा मनुष्य दुसऱ्यांदा जात नाहीं. परंतु घरांतील संगणक मंद चालूं लागला कीं हा साधा नियम आपण सर्व विसरतों. थोरला मुलगा म्हणतो, डिस्क बिघडली. धाकटा म्हणतो, व्हायरस शिरला. दुकानदार म्हणतो, यंत्रच जुनें झालें, आतां नवें घ्या. तिघांपैकीं एकानेंही कांहीं मोजलेलें नसतें. परिणामीं चाळीस-पन्नास हजार रुपये एका दुपारीं खर्चीं पडतात आणि मूळ दोष कोठें होता हें शेवटपर्यंत कळत नाहीं.

अलीकडे पुष्कळ कुटुंबांनीं जुन्या संगणकांतील फिरती हार्डडिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविली आहे. हा उपाय चांगला, यांत संशय नाहीं. परंतु 'पैसे भरले, पण सांगितला तेवढा वेग आला नाहीं' ही तक्रारही तितकीच सार्वत्रिक झाली आहे. ती तक्रार खरी केव्हां, खोटी केव्हां, आणि खरी असल्यास दोष कोणत्या अवयवाचा, हें घरच्या घरीं कसें ठरवावें, याचा विचार या अंकीं करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. जुन्या हार्डडिस्कमधील तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० वेळां फिरते. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा पुरा करण्यास सुमारें ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवा तो मजकूर वाचणाऱ्या टोकाखालीं येण्यासाठीं सरासरीनें चार मिलिसेकंदांहून अधिक खोळंबावें लागतें. तें टोक हलविण्याचा वेळ निराळाच. एसएसडींत फिरणारें कांहींच नाहीं. तोशिबा कंपनींत असतांना फुजिओ मासुओका या जपानी शास्त्रज्ञानें शोधून काढलेल्या फ्लॅश स्मृतीच्या चिप तिच्यांत असतात, आणि मजकूर मिळण्यास मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. विंडोज सुरू होतांना असे हजारों लहानसहान शोध घ्यावे लागतात. म्हणून खरा फरक तेथें दिसतो.

निदानास हात घालण्यापूर्वीं एक कर्तव्य आहे, आणि तें न करतां पुढील परिच्छेद वाचूं नयेत अशी आमची विनंति आहे. संगणक पुन्हां विकत मिळतो. त्यांत ठेवलेलें मिळत नाहीं. आजोबांच्या हातच्या वंशावळीचीं छायाचित्रें, सुनेचा अर्धा लिहून झालेला प्रबंध, बारा वर्षांचा घरखर्च, हें सर्व त्या तळहाताएवढ्या पट्टींत असतें. हार्डडिस्क मरण्यापूर्वीं पुष्कळदां खडखडते. एसएसडी बहुधा अवाक्षर न काढतां बंद पडते. २०१९ सालच्या नोव्हेंबरांत ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीनें सर्व्हरांत वापरल्या जाणाऱ्या आपल्या कांहीं एसएसडींविषयीं असें जाहीर केलें कीं, त्यांतील अंतर्गत प्रोग्रॅमच्या दोषामुळें त्या ३२,७६८ तास, म्हणजे सुमारें पावणेचार वर्षें, चालल्या कीं बंद पडतील आणि मजकूर परत मिळणार नाहीं. ज्यांनीं सुधारलेला प्रोग्रॅम वेळेवर घातला त्यांचें निभावलें. तेव्हां प्रथम सर्व मजकुराची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर करावी, आणि दुसरी नक्कल घराबाहेर, मुलीच्या सासरीं म्हणा किंवा भावाकडे म्हणा, ठेवावी. एसएसडीच कपाटांत ठेवून तिला तिजोरी मात्र समजूं नये. जेडेक या संस्थेच्या प्रमाणानुसार, लेखनाची ठरीव मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीनें वीज नसतां ३० अंश सेल्सिअस उष्णतेंत एक वर्ष मजकूर राखावा, एवढीच अपेक्षा आहे. आणि आपल्याकडील कपाटें वैशाखांत याहून अधिक तापतात.

आतां पद्धति. ज्यांनीं थोडाफार न्याय वाचला आहे त्यांस अन्वय-व्यतिरेक ठाऊक आहेत. एक असतां दुसरें असतें, हा अन्वय. तें नसतां हेंही नसतें, हा व्यतिरेक. दोन्हीं पाहिल्यावांचून कारण सिद्ध झालें असें म्हणतां येत नाहीं. संगणकास हाच नियम लावावयाचा: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदलापूर्वीं व बदलानंतर मोजावें. केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, विंडोज पुन्हां घातली, आणि संगणक सुधारला, तर कशानें सुधारला हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं.

मोजण्यासाठीं क्रिस्टलडिस्कमार्क नांवाचा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. त्याच्या पहिल्या ओळींत सलग वाचन-लेखनाचा वेग असतो, शेवटच्या ओळींत चार-चार किलोबाइटच्या विखुरलेल्या तुकड्यांचा. हार्डडिस्कची पहिली ओळ सेकंदास १०० ते २०० मेगाबाइट आणि शेवटच्या ओळींतील वाचन बहुधा एकाच्या आंतबाहेर असतें. साटा पद्धतीच्या चांगल्या एसएसडीचे हेच आंकडे ५०० ते ५५० आणि २० ते ४० असे येतात. दुकानांतील खोक्यावर पहिला आंकडा मोठ्या अक्षरांत छापतात; घरच्या नित्य कामास उपयोगी पडतो तो शेवटचा. तो ठीक असेल तर डिस्क आपलें काम करीत आहे. दोष अन्यत्र शोधावा. तसेंच बिट आणि बाइट यांचा घोटाळा करूं नये. साटाचा 'सहा गिगाबिट' हा वेग सेकंदास ६०० मेगाबाइटांएवढा होतो, सहा हजारांएवढा नव्हे. आणि ५१२ गिगाबाइटची डिस्क विंडोजमध्यें ४७६ दिसते ती दुकानदाराच्या लबाडीनें नव्हे. कंपनी हजाराच्या पटीनें मोजते आणि विंडोज १०२४च्या, एवढाच त्याचा अर्थ.

आंकडा कमी आला तर प्रथम मार्ग तपासावा. नळ कितीही मोठा असला तरी आंतील नळी बारीक असेल तर पाणी तेवढेंच येणार. साटाच्या तीन पिढ्या आहेत: १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइटांच्या. जुन्या मदरबोर्डावर दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचीं सॉकेटें शेजारींशेजारीं असतात. डिस्क चुकीच्या सॉकेटांत बसली कीं वेग २८० च्या आसपास अडकतो आणि दोष डिस्कच्या माथीं येतो. याची खूण क्रिस्टलडिस्कइन्फो या दुसऱ्या प्रोग्रॅमांत सांपडते. तेथें 'ट्रान्स्फर मोड' म्हणून दोन नोंदी दिसतात: पहिली चालू असलेल्या वेगाची, दुसरी डिस्कच्या सामर्थ्याची. दोन्हीं सारख्या नसतील तर नवी डिस्क घेण्याचें कारण नाहीं. सॉकेट किंवा केबल बदलून पाहावी. एमडॉटटू नांवाच्या चपट्या डिस्कविषयीं आणखी एक सावधगिरी हवी. एमडॉटटू हें केवळ आकाराचें नांव आहे. त्याच आकारांत साटाचीही डिस्क येते आणि एनव्हीएमईचीही, आणि एका जातीसाठीं केलेल्या खांचेंत दुसरी चालत नाहीं. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढींत चार मार्गिका मिळाल्या तर एनव्हीएमई डिस्क सेकंदास सुमारें ३५०० मेगाबाइट वाचते. दोनच मिळाल्या तर त्याचें अर्धें. बाहेरून जोडावयाची एसएसडी जुन्या यूएसबी २ च्या तोंडांत घातली तर चाळिसाच्या वर जाणें कठीण.

मार्ग निर्दोष निघाला तर ड्रायव्हरकडे वळावें. ड्रायव्हर म्हणजे गाडी हांकणारा नव्हे; तो दुभाष्या आहे. विंडोजची आज्ञा तो डिस्कच्या भाषेंत सांगतो. दुभाष्या जुना असेल तर विद्वानही अडाणी दिसतो. बायॉसमध्यें साटाची पद्धति 'आयडीई' ठेवलेली असेल तर डिस्कला एका वेळीं एकच आज्ञा मिळते. 'एएचसीआय' असेल तर बत्तीस आज्ञांची रांग एकदम देतां येते. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई पद्धतींत तर अशा हजारों रांगांची सोय आहे. परंतु विंडोज ७ निघाली २००९ सालीं. तिला ही भाषा मुळांत येत नव्हती, आणि मायक्रोसॉफ्टनें २०१४ सालीं निराळी पुरवणी दिली तेव्हां ती शिकली. विंडोज ८.१ पासून पुढें हा दुभाष्या घरचाच आहे. विंडोज ७ चा नियमित आधार १४ जानेवारी २०२० रोजीं संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. तेव्हां जुन्या विंडोजवर नव्या डिस्कसाठीं ड्रायव्हर हुडकीत बसण्यापेक्षां आपलें यंत्र कोणती नवी आवृत्ति पेलतें हें पाहणें श्रेयस्कर. याच्या उलट प्रकारही घडतो. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या व त्यापुढील पुष्कळ लॅपटॉपांवर विंडोज नव्यानें घालूं गेलें असतां डिस्क मुळीं दिसतच नाहीं. ती मेलेली नसते. तेथें व्हीएमडी नांवाची व्यवस्था मध्यें असते, आणि तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला कीं डिस्क प्रकट होते.

ड्रायव्हर घ्यावयाचा तो विंडोज अपडेटमधून किंवा लॅपटॉपच्या वा मदरबोर्डाच्या मूळ कंपनीकडून. 'आपले सर्व ड्रायव्हर एका क्षणांत सुधारून देतों' अशा जाहिराती करणाऱ्या प्रोग्रॅमांस उंबऱ्याबाहेरच ठेवावें. आणि विंडोज चालू स्थितींत असतां बायॉसमध्यें जाऊन आयडीईचें एएचसीआय एकदम करूं नये. निळा पडदा येऊन यंत्र सुरूच होत नाहीं. आधीं विंडोजला पुढील वेळीं सेफ मोडमध्यें उघडावयास सांगावें, मग बायॉसमधील बदल करावा, एकदां सेफ मोडमध्यें उघडूं द्यावें, आणि नंतर तो संकेत काढून टाकावा. त्याहून महत्त्वाचें हें कीं, पुष्कळ नव्या लॅपटॉपांवर बिटलॉकरचें कुलूप मालकास नकळत लागलेलें असतें. बायॉसला हात लावतांच तें ४८ आंकडी किल्ली मागतें. ती कोठेंच सांपडली नाहीं तर निरोगी डिस्कमधील मजकूरही कायमचा बंद होऊं शकतो.

यानंतर डिस्कची स्वतःची प्रकृति. एसएसडी कांठोकांठ भरली कीं मंदावते. दहा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवावी. स्वस्त डिस्क लेखनाचा वेग थोड्याशा जलद भागाच्या जोरावर दाखवितात. मोठें लग्नाचें चित्रीकरण उतरवूं लागलें कीं तो भाग भरतो आणि वेग एकदम कोसळतो. हा बिघाड नव्हे, स्वभाव आहे. कांहीं वेळ विसांवा मिळाला कीं पूर्ववत् होतो. पुसलेल्या जागा कोणत्या हें विंडोज 'ट्रिम' नांवाच्या आज्ञेनें डिस्कला कळविते. ही सोय विंडोज ७ पासून आहे. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'च्या खिडकींत डिस्कचा प्रकार 'सॉलिड स्टेट' असा दिसतो कीं नाहीं आणि शेवटची तारीख अलीकडची आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे झालें. एनव्हीएमई डिस्क फार तापली तर आपण होऊन वेग कमी करते. लॅपटॉप गादीवर ठेवून काम करणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. शेवटीं डिस्कच्या पोटांतील प्रोग्रॅम, ज्यास फर्मवेअर म्हणतात तो. सॅमसंगची ८४० इव्हो ही डिस्क जुना मजकूर वाचतांना फार मंद होते असें २०१४ सालीं उघडकीस आलें. त्या कंपनीनें ऑक्टोबरांत सुधारणा दिली; ती पुरेशी न ठरल्यानें २०१५ सालीं दुसरी द्यावी लागली. तेथें केबल बदलून किंवा विंडोज पुन्हां घालून कायमचा गुण येणें शक्यच नव्हतें.

आणि एवढें करून डिस्क निर्दोष ठरली तर? तर तेंही निदानच होय. चार गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रांत एकाच वेळीं वीस पानें उघडून ठेवलीं तर कोणतीही डिस्क थकेल. तेथें औषध स्मृति वाढविण्याचें आहे. टास्क मॅनेजर उघडला कीं स्मृति भरली आहे किंवा डिस्क गुंतली आहे हें घटकेंत कळतें.

एकत्र कुटुंबांत एका संगणकास पांच-सात हात लागतात, आणि प्रत्येक हात आपल्या बुद्धीप्रमाणें कांहीं बदलून जातो. म्हणून आमची सूचना अशी कीं, यंत्राजवळ एक साधी वही ठेवावी. तींत तारीख, केलेला बदल, आधींचा आंकडा आणि नंतरचा आंकडा, एवढीं चार घरें आंखावीं. पहिल्या पानावर मजकुराची नक्कल शेवटची केव्हां केली तें लिहावें, आणि बिटलॉकरची किल्ली दागिन्यांच्या पावत्यांबरोबर जपावी. दुरुस्तीवाला आला कीं त्याच्यापुढें आधीं ही वही ठेवावी. त्याचा वेळ वांचेल, आपले पैसे वांचतील, आणि सुनेच्या प्रबंधाची उरलेली प्रकरणें लिहून होतील.