उघाडी उघडण्यापूर्वी

कोळंबीच्या कवचावर पांढरे ठिपके दिसले की पहिली धाव दुकानाकडे जाते. तिथे बाटल्या तयारच असतात. आम्ही कृषी महाविद्यालयात कपाशीच्या फवारण्या पाठ केलेली माणसे. कीड दिसली की फवार, ही खोड आमच्याही अंगात मुरलेली. पण पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू असा जात नाही. १९९४ च्या सुमारास तो आपल्या किनाऱ्यावर आला आणि वाघ्या कोळंबीची तळीच्या तळी बसली. २००९ नंतर व्हेनामी आली, तिलाही त्याने सोडले नाही. कोळंबीच्या अंगात शिरलेल्या या विषाणूवर आजही औषध नाही. भरल्या तळ्यात जंतुनाशक ओतले तर कोळंबीचे कल्लेच भाजतात.

मग ब्लीचिंग पावडर कशाला? तर बीज सोडण्यापूर्वी. पाण्यात मोकळा असलेला विषाणू क्लोरीनने मरतो, आणि तो घेऊन आलेली रानटी कोळंबीही मरते. एक हेक्टर तळ्यात मीटरभर पाणी म्हणजे १०,००० घनमीटर. घनमीटरला ६० ग्रॅम धरले तर ६०० किलो पावडर झाली. नेमकी इथेच काटकसर होते. अर्धी टाकली तर ती गाळ आणि शेवाळच खाऊन टाकतात. पोते उघडे राहिले तर जोर उडून जातो. चुना त्याच वेळी टाकू नका, क्लोरीन निकामी होतो. नंतर एरेटर चालवून क्लोरीन पूर्ण उतरू द्या, मगच पीसीआर तपासणी झालेले बीज सोडा.

आता अवघड गोष्ट. पीक गेले, निदान तळे तरी मोकळे व्हावे म्हणून रात्रीच्या ओहोटीला गुपचूप उघाडी उघडली जाते. पुढच्या भरतीला तेच पाणी शेजाऱ्याच्या पंपात येते. हे करणारा चोर नव्हे, आपलाच बुडालेला भाऊ आहे. रोगट पाणी कोंडून त्यात पुन्हा पावडर टाकावी, क्लोरीन उतरल्यावरच ते सोडावे, हे त्यालाही कळते. पण हातात दमडी नसताना आणखी ६०० किलो पावडर तो कुठून आणणार?

म्हणून आमची सूचना अशी: प्रत्येक खाडीवरच्या तळेवाल्यांनी हेक्टरी वर्गणी काढून पावडरीचा सामायिक साठा ठेवावा. जो रोग कळवील त्याला ती फुकट मिळावी, आणि या साठ्याला सरकारने हातभार लावावा ही मागणी बैठकीत ठरावाने करावी. येताना आपले तळे कोणत्या खाडीचे पाणी घेते आणि तिच्यावर आणखी किती पंप आहेत, एवढे लिहून आणा.