काखेत कळसा

‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ ही म्हण घरात चष्मा हरवला की आपण सहज वापरतो. जर्मनीतील पोलिसांना तिचा प्रत्यय फार महागात पडला.

एप्रिल २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरी एका तरुण महिला पोलिसाची गोळी घालून हत्या झाली. तिच्या मोटारीवरून टिपलेल्या नमुन्यांत एका अज्ञात स्त्रीचा डीएनए मिळाला. १९९३ आणि २००१ मधील दोन खुनांच्या नमुन्यांतही तोच होता. किरकोळ घरफोड्यांतही तोच! अशा सुमारे चाळीस घटना जमल्या. तीन लाख युरोंचे बक्षीस लागले, परंतु ती स्त्री काही सापडेना.

अखेर २००९ मध्ये एका पुरुषाच्या कागदपत्रांवरील बोटांच्या ठशांतून हीच ‘स्त्री’ प्रकट झाली, तेव्हा तपासणाऱ्यांचे डोळे उघडले. नमुने टिपण्याच्या कापसाच्या काड्यांवरच तो डीएनए होता. काड्या बांधणीत हाताळणारी एक निरपराध कामगार स्त्री, एवढीच त्या ‘खुनी’ बाईची खरी ओळख!

काड्या निर्जंतुक होत्या, हे खरे. परंतु ज्या प्रक्रियेने जंतू मरतात, तिने डीएनए नाहीसा होतोच असे नाही. त्वचेचे चार कण, शिंकेचा एक तुषार एवढेही त्यास पुरते. म्हणून तपासणारे तोंडावर पट्टी बांधतात, प्रत्येक वस्तूगणिक हातमोजे बदलतात, एकेक नमुना स्वतंत्र ठेवतात. कर्मचाऱ्यांचे स्वतःचे डीएनएही नोंदवून ठेवले जातात, म्हणजे घरचा माणूस चोर ठरत नाही. शिवाय वाणी जसा माल तोलण्यापूर्वी रिकामी पारडी समतोल असल्याचे दाखवितो, तशी एक कोरी काडीही नमुन्यांबरोबर तपासावयाची असते. तिच्यात डीएनए निघाला, तर दोष साधनात आहे. २०१६ मध्ये अशा साधनांसाठी आंतरराष्ट्रीय मानकही ठरले.

दरम्यान हाइलब्रॉनच्या तपासात रोमा समाजातील माणसांकडे विनाकारण संशयाने पाहिले गेले. ती हत्या नवनाझी टोळीने केल्याचे २०११ मध्ये उजेडात आले. चुकीच्या पुराव्याने खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि भलत्याच्याच दारी संशय जाऊन उभा राहतो. वाचकहो, दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी ते बोट स्वच्छ आहे ना, हे पाहण्याची शिस्त केवळ प्रयोगशाळेपुरतीच का असावी?