कारखान्यातली शेगडी



डिसेंबर लागला की आमच्या अंजनगाव सुर्जीत सातपुड्याकडून थंडी उतरते. दिवसा ऊन असते, पण इशाच्या नमाजनंतर टिनाची खोली गारठून जाते. आपल्या कित्येक घरांत अशी एक खोली म्हणजेच घरचा कारखाना. कुठे अम्मीची शिलाई मशीन, कुठे अब्बूंचे सुतारकाम, कुठे गादी-रजई भरण्याचे काम. फरशी गार पडते, बोटे आखडतात, मशीनचे तेल घट्ट होऊन पायडल जड चालते. ऑर्डर तर वेळेवर द्यायची असते. मग शेगडीत निखारे घालून ती आत आणली जाते, दार लावून फटीत चिंध्या कोंबल्या जातात. काम उरकले की त्याच उबेत मुलांचे अंथरूण पडते.

या महिन्यात आम्हाला एवढेच सांगायचे आहे की, ती शेगडी बंद खोलीत नको, आणि झोपताना तर मुळीच नको.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. कोळसा पुरता जळत नाही तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्टपणे या वायूला धरून ठेवते. श्वास चालू राहतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मग मळमळते, गरगरते, गुंगी येते. जागा माणूस उठून दार उघडेल, झोपलेल्याला काही कळतच नाही. लहान मुले, गरोदर भगिनी आणि हृदयाचे रुग्ण यांना धोका अधिक. राखेखाली झाकलेला निखाराही हा वायू सोडतच असतो.

कोणी म्हणेल, आमच्या दादी-नानी तर शेगडीजवळच झोपायच्या. खरे आहे. पण त्यांच्या घरावर कवेलू होते आणि कवेलूंच्या फटींतून हवा खेळत असे. आज वर स्लॅब किंवा टीन आणि खिडकीला घट्ट सरकती काच. घर बदलले, सवय तीच राहिली.

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये नोंद आहे की, मदिनेत एका रात्री एक घर त्यातल्या माणसांसह जळाले. ही बातमी कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवण्याची ताकीद दिली. उंदीर दिव्याची वात ओढून घर पेटवू शकतो, इतका बारीक विचारही हदीसमध्ये आहे. म्हणजे रात्री शेगडी विझवणे ही नुसती खबरदारी नाही, ती सुन्नत आहे.

मग थंडीत काम कसे करावे? खोली तापवण्यापेक्षा अंग उबदार ठेवणे स्वस्त पडते. पायाखाली लाकडी फळी आणि त्यावर पोत्याची जाड घडी घालावी. पायांत मोजे, अंगात स्वेटर, कानाला रुमाल असावा. बारीक काम दुपारच्या उन्हात अंगणात करावे, रात्रीसाठी सोपे ठेवावे. शेगडी पेटवायचीच असेल तर ती अंगणात, आणि हात शेकून आत यावे. विजेचा हीटर घेतल्यास 1000 वॅटचा हीटर तासाला 1 युनिट खातो, हे ध्यानात ठेवावे. त्याला 16 अँपिअरचा वेगळा सॉकेट हवा. मशीनच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावू नये, कापडापासून किमान 3 फूट दूर ठेवावा आणि झोपताना बंद करावा. रुईच्या खोलीत मात्र शेगडीही नको आणि हीटरही नको.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर ते थंडीचे दुखणे समजू नका. दार उघडा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि 108 वर फोन करा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. रुग्णाला दवाखान्यातला प्राणवायूच लागतो.

एक गोष्ट पुढची. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने रमजान आता थंडीकडे सरकत आहे. 2030 साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा रमजान सुरू होईल. म्हणजे ईदच्या कपड्यांची शिलाई ऐन थंडीच्या रात्री चालणार. ही सवय आत्ताच मोडली, तर ज्यांच्यासाठी आपण रात्र जागवतो ती लेकरे सकाळी हसत उठतील, इन्शाअल्लाह.

अल्लाह आपल्या घरांना सलामत ठेवो. आमीन.