साठ पत्ते आणि अम्मींचा सवाल

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२च्या वर जातो आणि मुलं दुपारभर घरात अडकतात. गेल्या सुट्टीत आमच्या थोरल्यानं पोकेमॉनच्या पत्त्यांचा गठ्ठा चटईवर मांडला आणि आम्हा नवरा-बायकोला समोर बसवलं. चाळिशी ओलांडलेल्या आम्हाला पत्ते म्हणजे बदाम सात, फार तर लहानपणीची ट्रम्प कार्डं. अम्मी पलंगावरून म्हणाल्या, "ताश नक्को रे घर में. जुआ है ये."

हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००१ साली सौदी अरेबियातल्या उलेमांनी पोकेमॉनवर बंदीचा फतवा दिला, त्यात जुगाराशी असलेलं साम्य हे एक मोठं कारण होतं. त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगो इथं काही पालकांनी याच मुद्द्यावर कोर्टात दावा लावला होता. बंद पाकिटात काय निघेल ते माहीत नसतं. एखादा दुर्मीळ, चमकता पत्ता मिळेल या आशेवर मूल पाकिटामागून पाकीट फोडत राहतं. आमच्या मते खोट आहे ती इथं. म्हणून घरात पहिला नियम झाला की आंधळी पाकिटं आणायची नाहीत. कोणते पत्ते आहेत ते ठरलेलं असतं असा ६० पत्त्यांचा तयार डेक घ्यायचा आणि त्यावरच महिनोन्‌महिने खेळायचं. पैशांची नाही, पत्त्यांचीही पैज नाही. अजान झाली की डाव आहे तसा सोडून उठायचं. एवढ्यावरही ज्यांच्या मनात शंका राहील त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. आम्ही शिक्षक, मुफ्ती नव्हे.

आता खेळ. सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात ७ पत्ते आणि ६ पत्ते 'बक्षिसं' म्हणून बाजूला पालथे. हातातल्या सातांत एक तरी 'बेसिक' पोकेमॉन हवा, नसला तर पुन्हा पिसायचं. एक पोकेमॉन पुढे लढतो, मागे बाकावर पाच बसू शकतात. एका पाळीत हातातलं एनर्जीचं एकच कार्ड जोडता येतं, आणि हल्ला केला की पाळी संपली. समोरचा पोकेमॉन बाद झाला की बक्षीस उचलायचं. बड्या पत्त्यांना दोन-तीन मिळतात. सहाही बक्षिसं आधी उचलेल तो जिंकला. मात्र उचलायला पत्ताच उरला नाही तरी माणूस हरतो, त्यामुळे भराभर पत्ते ओढणारा पस्तावतो. हे आमच्या थोरल्याला अजून पटलेलं नाही.

चार्मेंडरचा चार्मेलियन आणि त्याचा चॅरिझार्ड होतो, याला खेळात 'इव्होल्यूशन' म्हणतात. त्या फतव्यात त्यावरही आक्षेप होता. शब्द तोच असला तरी एकाच प्राण्याचं रूप पालटतं, हे सुरवंटाच्या फुलपाखरासारखं झालं, असं विज्ञान शिकवताना आम्ही मुलांना सांगतो.

नियम आम्हाला आठवड्यात जमले. जड गेला तो पत्त्यांवरचा बारीक इंग्रजी मजकूर. चष्मा लावूनही. पण तो वाचल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. धड्यातला उतारा वाचायला सांगितला की पोट दुखणारी मुलं इथं 'मे' आणि 'मस्ट' यांतला फरक आम्हाला समजावतात: एक केलं तर चालतं, दुसरं करावंच लागतं. १२० एचपीच्या पोकेमॉनवर ५० चा वार, त्यात तो आगीचा आणि वार पाण्याचा, म्हणून दुप्पट, उरले २०. धाकटी हे तोंडी करते. वहीत मात्र हीच वजाबाकी चुकते.

तिसऱ्या आठवड्यात अम्मी चटईवर उतरल्या. त्यांना उर्दू येतं, इंग्रजी नाही. धाकटी वाचून सांगते. एनर्जीला त्या 'ताकत' म्हणतात, बाकाला 'ओसरी'. ओसरीवरच्याला आधी नीट ताकत द्यायची, मगच पुढे पाठवायचं, ही त्यांची रीत. दोनदा त्यांनी आम्हाला हरवलं. पैज लागलेली नाही ना, हे मात्र त्या अजूनही प्रत्येक डावाआधी विचारतात.

उरली अदलाबदल. हा खेळच देवाणघेवाणीचा, तेव्हा तीवर बंदी घालणं आम्हाला पटलं नाही. पण ती व्यवहारच आहे. गल्लोगल्ली मिळणारे सोनेरी प्लास्टिकचे पत्ते बहुतेक नकली असतात. असली पत्ता जाड कागदाचा, फाडला तर सहसा मधे काळसर थर दिसतो. थोरल्याकडे असे तीन सोनेरी पत्ते होते आणि शेजारचा दुसरीतला मुलगा त्यांच्या बदल्यात आपला असली पिकाचू द्यायला तयार होता. "त्याला कळणार नाही," थोरला म्हणाला. मालातली खोट लपवून विकणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो, एवढंच आम्ही विचारलं. बराच वेळ तो गप्प होता. संध्याकाळी जिन्यात बसून त्यानं त्या पोराला नकली पत्ता कसा ओळखायचा ते दाखवलं. पोरानं सगळं नीट ऐकलं आणि तरी सोनेरीच मागितले, कारण ते चमकतात. थोरल्यानं ते तसेच देऊन टाकले. पिकाचू त्या पोराकडेच आहे.