पाखंड : जिभेवर आणण्याआधी विचार करावा असा शब्द



गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. आम्ही दोघी जावा पूजेचं ताट भरत होतो. आमच्या घरी पंचामृत अभिषेक होतो, ताटात ताजी फुलं असतात. धाकटी जाऊ तेरापंथी घरातून आलेली. फुलातही जीव आहे, म्हणून तिच्या माहेरी फुलांऐवजी केशरात रंगवलेल्या अक्षता चढवतात. तिने तशी एक वाटी ताटात ठेवली. मी घाईत होते, आणि पटकन बोलून गेले, "हे कसलं पाखंड गं नवीन?"

ती काहीच बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे एकटीच मंदिरात जाऊ लागली. चार दिवसांनी तिची लेक माझ्याजवळ येऊन विचारते, "मोठी आई, पाखंड म्हणजे काय? मम्मीला तू तसं म्हणालीस ना?"

'ढोंग' असं सांगणार होते, पण ओठांवर येईना. म्हटलं, आधी आपणच बघू या. शब्दकोश काढला, मग एकेक पुस्तक उघडत गेले.

आपल्यापैकी कितीतरी जणी गिरनारला जाऊन आल्या आहेत. जुनागढहून पायथ्याकडे जाताना वाटेत सम्राट अशोकाचा शिलालेख लागतो. यात्रेच्या गडबडीत आपण तो मागे टाकून पुढे जातो. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या या लेखात हा शब्द 'पासंड' असा येतो, आणि तिथे तो शिवी नाही. पासंड म्हणजे धर्मपंथ, कोणताही. जो आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचं नुकसान करतो, असं राजा तिथे सांगतो. आणि उपाय कोणता? 'वचिगुती', म्हणजे वाणीचा संयम. आपण तीन गुप्तींमध्ये जिला वचनगुप्ती म्हणतो, तीच! अशोकाच्याच दिल्ली-तोपरा स्तंभावर निरनिराळ्या पंथांच्या यादीत निगंठ, म्हणजे आपले निर्ग्रंथही आहेत. म्हणजे त्या काळी आपणही एक 'पासंड' होतो, आणि त्यात कमीपणा नव्हता.

भुवनेश्वरजवळ उदयगिरीवर हाथीगुंफेत राजा खारवेलाचा लेख आहे. त्याची सुरुवातच अरहंत आणि सिद्धांना नमस्काराने होते. हा आपला जिनभक्त राजा स्वतःला काय म्हणवतो? सगळ्या पासंडांची पूजा करणारा! आजच्या अर्थाने वाचलं तर घोटाळाच होईल.

अफगाणिस्तानात कंदाहारला १९६३ साली अशोकाचा एक ग्रीक लेख सापडला. त्यात पासंडसाठी 'दियात्रिबे' हा शब्द वापरला आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ अभ्यासाची मंडळी, विचारांची शाळा. त्यातूनच इंग्रजीत 'डायट्राइब' आला, आणि आज त्याचा अर्थ आहे एखाद्यावर केलेली कडवट आगपाखड. दोन भाषा, दोन शब्द, एकाच अर्थाने निघाले आणि दोन्ही भांडणात बिघडले.

आपल्याकडे हे कसं झालं? मनुस्मृतीत पाषंडी म्हणजे वेद न मानणारा. त्याचा शब्दानेही सत्कार करू नये, असं तिथे म्हटलं आहे. पुढे पुराणांत हा शब्द आपल्या साधूंवरच रोखला गेला. म्हणजे एके काळी जो दगड आपल्या मुनींवर फेकला गेला, तोच मी उचलून माझ्या जावेवर फेकला! मराठीत पाखंडी म्हणजे धर्मविरोधी, हिंदीत ढोंगी. टीव्ही बघून बघून आता आपणही ढोंगी याच अर्थाने म्हणतो.

काही जणी म्हणतील, मग खोट्याला खोटं म्हणायचंच नाही का? रत्नकरंड श्रावकाचारात पाखंडीमूढता सांगितली आहेच की! हो, आहे. पण नीट वाचा. परिग्रह, आरंभ आणि हिंसा यांत गुंतलेल्या साधूंना मान देणं, याला समंतभद्र आचार्य मूढता म्हणतात. तिथे कसोटी आचरणाची आहे, रिवाजाची नाही. आणि समयसारात कुंदकुंद आचार्य मुनिवेशालाही 'पासंडी लिंग' म्हणतात. केवळ तो वेश म्हणजे मोक्षमार्ग नव्हे, हा त्यांचा मुद्दा. पण मुनींना शिवी देण्याचा त्यांचा हेतू नक्कीच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. फुलं की अक्षता, पंचामृत की नुसतं जल, यावर घरात हवी तेवढी चर्चा करावी. पण त्यासाठी आपल्याकडे 'आम्नाय' हा स्वच्छ शब्द आहे. तुझा आम्नाय, माझा आम्नाय, एवढं म्हटलं की भागतं. जिच्या मनात जीवदया आहे, तिला पाखंडी म्हणणं ही हिंसाच आहे. ती माझ्या हातून घडली, तीही उत्तम क्षमेने सुरू होणाऱ्या पर्वात.

क्षमावाणीला मी सर्वांसोबत घाऊक क्षमा मागितली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिला म्हटलं, "तो शब्द मी चुकीचा वापरला. मला क्षमा कर." ती म्हणाली, "ताई, शब्दाचं जाऊ दे. पण माझ्या आईने शिकवलेलं तुम्ही हसण्यावारी नेलंत, ते लागलं." ते मला कुठल्याच कोशात सापडलं नव्हतं.

आता आमच्या ताटात फुलंही असतात आणि केशरी अक्षतांची वाटीही. मंदिरात आम्ही दोघी बरोबर जातो. लेकीला मी सांगितलं, पाखंड म्हणजे पूर्वी पंथ, आणि आता असा शब्द जो आपल्या घरात कुणी कुणाला म्हणायचा नाही.

तुमच्याही घरात असा एखादा शब्द सहज फिरत असेल. तो कुणाला लागतोय का, एकदा बघा.