कलादालनाच्या उंबरठ्यावर

मुंबईहून परत आलेल्या माणसास आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो "काय काय पाहिले?" हा. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते: समुद्र, गेट वे ऑफ इंडिया, राणीची बाग, सिद्धिविनायक, आणि वेळ उरलाच तर म्युझियम. या म्युझियमच्या आवारालगतच एक असे दार आहे की, तेथून कोणाही माणसास एक पैसा न देता आत जाता येते आणि आपल्या काळातील चित्रकारांची चित्रे हवा तितका वेळ पाहता येतात. त्या दाराचे नाव या ठरलेल्या उत्तरात मी अद्याप ऐकलेले नाही. हे दार म्हणजे जहांगीर कलादालन. ते उघडे असूनही आपली माणसे तेथे का शिरत नाहीत, आणि त्यांनी शिरावे असे मला का वाटते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

इतरांस बोल लावण्यापूर्वी स्वतःची कबुली दिलेली बरी. मी पहिल्या खेपेस त्या दारावरून परत फिरलो होतो. काचेतून आत पाहिले. पांढऱ्या भिंती, स्वच्छ फरशी, हळू आवाजात बोलणारी चार माणसे दिसली. माझ्या खांद्यावर गावाकडची पिशवी होती आणि चपलांवर दिवसभराची धूळ होती. हे ठिकाण आपल्यासाठी नव्हे, असे मला कोणी सांगितले नाही. ते माझे मीच ठरविले. दुसऱ्या खेपेस धीर करून पहारेकऱ्यास विचारले, "तिकिटाची खिडकी कोठे आहे?" तो हसून म्हणाला, "तिकीट नाही. आत जा." इतक्या साध्या शब्दांसाठी माझी मधली कित्येक वर्षे वाया गेली!

राजेगावसारख्या गावातून मुंबई काही जवळ नाही. बाघ नदी ओलांडून गोंदियास जावे, तेथे विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसावे आणि रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईस उतरावे, असा हा मार्ग. परंतु ज्या स्थानकावर आपण उतरतो ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हेच एक मोठे शिल्पालय आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात येते? १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभारलेल्या, स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने रेखाटलेल्या या इमारतीच्या दगडांवर पाने, फुले, पक्षी आणि प्राणी कोरलेले आहेत. आणि त्या सजावटीच्या कामात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे हात लागलेले आहेत. २००४ साली या वास्तूची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. आपण मात्र सामान मोजीत, टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालीत तिच्याखालून निघून जातो. मान वर करण्यास तिकीट लागत नाही. तरीही आपण ती करीत नाही. तेव्हा कलादालनाचे दार उघडे आहे एवढ्याने काम भागत नाही, हे उघड आहे.

स्थानकापासून फोर्ट भागातून पायी चालत गेले की काळा घोडा हा चौक लागतो. ज्या पुतळ्यावरून चौकास हे नाव पडले तो एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलविण्यात आला. नाव मात्र लोकांच्या जिभेवर राहिले, आणि २०१७ साली तेथे स्वार नसलेला नवा काळा घोडा उभा करण्यात आला. या चौकाभोवती जुन्या मुंबईचे वैभव दाटीवाटीने उभे आहे. एका बाजूस जॉर्ज विटेट यांनी बांधलेले, १९२२ पासून लोकांसाठी खुले असलेले म्युझियम; पलीकडे त्यांचेच १९११ सालचे सर कावसजी जहांगीर सभागृह. एके काळी जेथे सभा आणि गाण्याच्या मैफली होत, त्या सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तेथे थोडेसे प्रवेशशुल्क पडते. परंतु म्युझियमच्या आवारातील जहांगीर कलादालनात मात्र तेही नाही.

हे कलादालन उभे राहिले १९५२ साली, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षेही पुरती झाली नव्हती तेव्हा. सर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली. त्यामागे चित्रकार के. के. हेब्बर आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचा आग्रह होता. विज्ञान शाखेस जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या हुशार विद्यार्थ्यांनी हे दुसरे नाव पुन्हा एकदा वाचावे. भाभा स्वतः चित्रे काढीत, आणि त्यांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींवर त्यांनी भारतीय चित्रकारांची चित्रे आवर्जून लावली. अणूचा अभ्यास करणाऱ्यास रंगांसाठी वेळ मिळत होता. आपल्याकडे मात्र परीक्षा जवळ आली की पुष्कळ शाळांतून चित्रकलेचा तास गणितास देऊन टाकतात.

कलादालनाची रीत अशी की, चित्रकार काही दिवसांसाठी दालन भाड्याने घेतात आणि आपली चित्रे मांडतात. पाहणाऱ्याकडून मात्र काहीही घेतले जात नाही. त्यामुळे आज जी चित्रे आहेत ती पुढच्या आठवड्यात नसतात. पावसाळ्यात अचानक सर आली की रस्त्यावरची माणसे आडोशास आत शिरतात, आणि कपडे वाळेपर्यंत काही तरी पाहावे म्हणून चित्रे पाहू लागतात. कोणी यास हसेल; मला तर हे त्या वास्तूचे मोठे भाग्य वाटते. तिकीट असते तर तो माणूस बाहेर छपराखाली उभा राहिला असता.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. "ही आधुनिक चित्रे आम्हांस कळत नाहीत," असे आपले लोक म्हणतात. त्यात माणूस माणसासारखा दिसत नाही, झाड झाडासारखे दिसत नाही. कोठे नुसते पट्टे, कोठे नुसता ठिपका. मग पाहावयाचे काय?

या ठिपक्याचीच एक हकीकत सांगतो. आपल्या बालाघाट जिल्ह्यास लागून असलेल्या मंडला भागात, जंगलखात्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी १९२२ साली सैयद हैदर रझा यांचा जन्म झाला. ककैया येथील शाळेत शिकताना या मुलाचे चित्त अभ्यासात स्थिर राहत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्यास सांगितले की, या ठिपक्याकडे एकाग्रतेने पाहत बैस. हा मुलगा पुढे नागपूरच्या कलाशाळेत शिकला, तेथून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, आणि १९५० साली फ्रान्सला गेला. तेथे कीर्ती मिळाली. परंतु पुढे त्याच्या चित्रांच्या मध्यभागी जो मोठा काळा बिंदू येऊन बसला, तो शाळेच्या त्या भिंतीवरचाच होता, असे रझा स्वतः सांगत. भारत सरकारने २०१३ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिले. २०१६ साली दिल्लीस त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यास, वडिलांच्या शेजारी, त्यांचे दफन करण्यात आले.

रझा एकटे नव्हते. १९४७ साली मुंबईत ज्या सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांत पंढरपुरास जन्मलेले आणि सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारे हुसेन होते, गोव्याचे सूझा होते, विदर्भातील गाडे होते, शिल्पकार बाकरे होते, आणि लोकांच्या मोटारी धुऊन चित्रे काढणारे आरा होते. ज्यास आपण "बड्या लोकांची कला" म्हणून दुरून नमस्कार करतो, ती कला निर्माण करणारे हे लोक असे होते. मग ती पाहण्यास आपणच संकोच का करावा?

आणि कळण्याविषयी म्हणाल तर, दारासमोर ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आईस आपण कधी "याचा अर्थ काय?" असे विचारले आहे काय? गोंड घरांच्या भिंतींवरील ढिगणा पाहताना आपण अर्थासाठी अडून बसतो काय? याच गोंड परंपरेतील, त्या वेळच्या मंडला जिल्ह्यातील पाटनगढचे जनगढसिंह श्याम यांना चित्रकार स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनाकरिता शोधून आणले. १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. भिंतीवरची रेघ पॅरिसला गेली तेव्हा ती कळण्यासारखी झाली, आणि घरी होती तेव्हा नव्हती, असे तर नाही ना?

कलादालनात मी एका चित्रापुढे बराच वेळ उभा राहिलो होतो. त्यात मळकट पिवळ्या रंगाचे चौकोन, आणि त्यांमधून गेलेल्या काही तांबूस रेघा, एवढेच होते. प्रथम काही बोध होईना. चार पावले मागे सरलो, पुन्हा जवळ गेलो. मग एकाएकी धान कापून नेल्यानंतरच्या आपल्याकडच्या बांध्या मला आठवल्या: मार्गशीर्षातील ऊन, वाळलेला पेंढा, मधले मातीचे बांध. चित्रकाराने बांधी पाहिली असेल किंवा नसेलही. परंतु त्या दिवसानंतर गावाबाहेरच्या बांध्या मी अधिक नीट पाहू लागलो आहे, एवढे मात्र खरे. चित्र कळले की नाही, हे मी आजही सांगू शकणार नाही. त्याने मला पाहावयास लावले, हे निश्चित सांगू शकेन. याहून अधिक त्याच्याकडून मागावे तरी काय?

कोणी असे विचारील की, ज्या मुलांच्या वर्गात बाके पुरत नाहीत त्यांना मुंबईची चित्रे दाखविण्याची ही कसली हौस? प्रश्न रास्त आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दालन विनामूल्य असले तरी गाडीभाडे विनामूल्य नाही. मुंबईकराचे "फुकट" आणि आपले "फुकट" यांत एका रात्रीच्या प्रवासाचे अंतर आहे. म्हणून केवळ चित्रांसाठी कर्ज काढून मुंबई गाठा, असे मी कोणत्याही पालकास सांगणार नाही. परंतु लग्नकार्यास, औषधोपचारास, नोकरीच्या मुलाखतीस आपली माणसे मुंबईस जातातच. अशा वेळी त्यांनी एक तास त्या दारासाठी राखून ठेवावा आणि बरोबर मुलांना न्यावे. दहा स्थळे धावत पाहण्यापेक्षा तीन चित्रे उभे राहून पाहावीत. चित्रास हात लावू नये, मोठ्याने बोलू नये. मात्र तेथे चित्रकार बसलेला असेल तर त्यास निःसंकोच प्रश्न विचारावा. खेडेगावच्या मुलाने प्रश्न विचारल्याचा त्यास आनंदच होईल. दालनाबाहेरच्या पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात, तेथेही थांबावे. ज्यांना मुंबई शक्य नाही त्यांना नागपूर तरी जवळ आहे. तेथील १८६३ सालचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, किरकोळ तिकिटात पाहावयास मिळतो.

आणि बाकांचा प्रश्न? बाके हवीतच. परंतु बाके येईपर्यंत चित्रे थांबवावीत, हा हिशेब मला पटत नाही. ककैयाच्या शाळेत बाके किती होती, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. एक भिंत होती आणि मुलाची ओढ ओळखणारा एक शिक्षक होता. तेवढे तर प्रत्येक शाळेजवळ असते.

म्हणून शाळेच्या चालकांस आणि पालकांस माझी दोन मागणी आहेत. पहिली ही की, चित्रकलेचा तास चित्रकलेसाठीच राखावा. परीक्षेच्या दिवसांतही तो दुसऱ्या विषयास देऊ नये. दुसरी ही की, व्हरांड्यातील एक लांब भिंत चुन्याने पांढरी करून मुलांच्या चित्रांसाठी सोडून द्यावी. दर महिन्यास चित्रे बदलावीत. ज्याचे चित्र लागेल त्याचे नाव खाली लिहावे. आणि बाजारच्या दिवशी शाळेचे फाटक उघडे ठेवून गावातील आयाबायांना, शेतकऱ्यांना, दुकानदारांना ती पाहू द्यावीत. तिकीट अर्थातच असू नये.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी काळ्या घोड्याजवळच्या त्या काचेच्या दाराशी उभा राहील. खांद्यावर पिशवी असेल, चपलांवर धूळ असेल. माझ्यासारखे परत फिरू नका. आत जा.